गुहावासी झुरळे व भुईखालचा संसार

बोंडअळी, खोडकिडा, टोळ अथवा मावा यांविषयी ह्या पृष्ठांत लेख आला असता वाचकांस त्याचे नवल वाटत नाही. परंतु झुरळाविषयी, आणि तेही डोंगराच्या पोटात राहणाऱ्या झुरळाविषयी, शेतकऱ्याने का वाचावे, अशी शंका देगलूर, बिलोली व मुखेड भागातील आमचे वाचक अवश्य घेतील. त्या शंकेचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन ठेवितो. शेतकऱ्याचा निम्मा संसार भुईच्या वर असतो व निम्मा भुईच्या खाली असतो. पिकाची मुळे, विहीर, खताचा खड्डा, वाळवीचे वारूळ आणि पूर्वी घरोघर असलेले धान्याचे पेव ही सर्व भुईखालची. तेथे उजेड नाही, वारा नाही, आणि हवाही वरच्यासारखी नाही. अशा ठिकाणी प्राणी कसा जगतो याचा सर्वांत बोलका धडा गुहेतील झुरळ देते. आणि त्या धड्याचा एक भाग असा आहे की, तो ठाऊक नसल्यामुळे माणसे जिवास मुकतात.

आपल्या भागात गुहा का नाहीत

देगलूर तालुका दक्षिणेच्या काळ्या पाषाणाच्या पठाराच्या पूर्व कडेस आहे. येथे कोठे काळा दगड आढळतो, तर कोठे त्याच्याही खालचा अतिप्राचीन ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. पावसाच्या पाण्यात विरघळून लांबच लांब पोकळ्या व्हाव्यात असा गुण ह्या दोन्ही दगडांत नाही. तो गुण चुनखडीत आहे. म्हणून चुनखडीच्या मुलखात खऱ्या गुहा असतात, आणि आपल्याकडे असतात ती लेणी. औसे तालुक्यातील खरोशाची किंवा माहूरची लेणी माणसाने टाकीने कोरलेली आहेत. त्यांचे वय शतकांत मोजावयाचे. खऱ्या गुहेचा अंधार लक्षावधी वर्षांचा असतो. वटवाघळे व पाकोळ्या लेण्यांत वस्तीस येतात, पण केवळ अंधारासाठीच घडलेली जात उत्पन्न होण्यास इतका अल्प काळ पुरत नाही.

अशी खरी गुहा पाहावयाची तर बस्तरकडे जावे लागते. छत्तीसगड राज्यात जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात कुटुमसर नावाची चुनखडीची गुहा आहे. तेथील अंधाऱ्या पाण्यात एक लहान मासा राहतो. तो ज्या जातीचा म्हणून ओळखला गेला तिचे वर्णन फ्रान्सिस डे ह्या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७२ साली आपल्या पुण्याच्या परिसरातील नमुन्यांवरून केले होते. पुण्याकडच्या ओढ्यांतील मासा डोळस व पट्टेदार. कुटुमसरातील त्याच्या भाऊबंदांचे डोळे लहान झालेले व रंग फिका पडलेला. त्याच गुहेत लांब मिशांचा एक रातकिडाही सापडतो. गुहेचा अभ्यास करणारे शंकर तिवारी यांच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेविलेले आहे. मासा व रातकिडा हे दोन अगदी निराळे जीव. पण अंधाराने दोघांनाही एकाच वाटेने नेले. झुरळही त्याच वाटेने गेलेले आहे.

पाहुणे, उपरी व मिरासदार

गुहेत आढळणारे सर्व प्राणी सारख्या हक्काचे नसतात. शास्त्रज्ञ त्यांचे तीन वर्ग करितात. आमच्या वाचकांस ते जुन्या जमीनपद्धतीच्या शब्दांत लगेच उमगतील. पहिला वर्ग पाहुण्यांचा. वटवाघूळ दिवसा गुहेत झोपते व रात्री पोटासाठी बाहेर जाते, तो पाहुणा. दुसरा वर्ग उपऱ्यांचा. ह्यांचा संसार गुहेत उत्तम चालतो, पण बाहेरही चालू शकतो. तिसरा वर्ग मिरासदारांचा. ह्यांची मिरास अंधारातच असते. बाहेरच्या कोरड्या, उजेडाच्या जगात ते टिकत नाहीत.

झुरळांत उपरीही आहेत आणि मिरासदारही. मलाया देशात क्वालालंपूरजवळ बातू नावाच्या गुहा आहेत, व बोर्निओ बेटावर गोमांतोंग ही मोठी गुहा आहे. तेथे वटवाघळांच्या विष्ठेच्या राशींवर लक्षावधी झुरळे वळवळत असतात. ही उपरी होत. त्यांस डोळे आहेत, रंग आहे, पंखही आहेत. त्यांना हवा असतो तो आयता खतावा.

मिरासदार म्हणावे असे झुरळ त्याहून निराळे आहे. इग्नासिओ बोलिव्हार ह्या स्पॅनिश शास्त्रज्ञाने फिलिपाईन्समधील गुहांतून आणलेल्या एका चिमुकल्या झुरळास १८९२ साली ‘नॉक्टिकोला’ असे नाव दिले. त्याचा अर्थ ‘रात्रीत वास करणारा’. ह्या कुळातील झुरळे तांदळाच्या दाण्याच्या आसपास आकाराची, फिकट व नाजूक असतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर केप रेंज नावाची चुनखडीची डोंगररांग आहे. तेथील एका जातीचे वर्णन लुई रॉथ यांनी १९९१ साली केले. तिला डोळे मुळीच नाहीत, अंग जवळजवळ पारदर्शक आहे, आणि पाय कोळ्यासारखे लांब व बारीक आहेत. स्वयंपाकघरातील तांबूस झुरळ व हे झुरळ शेजारी ठेविले, तर दोघांचे एक कुळ आहे असे कोणी शपथेवर सांगितले तरी पाहणाऱ्यास खरे वाटू नये.

हे कुळ किती जुने आहे, तेही ऐकण्याजोगे आहे. ब्रह्मदेशातील हुकाँग खोऱ्यात झाडाच्या डिंकाचे दगड झालेले खडे सापडतात. त्यांस अंबर म्हणतात. त्यांत अडकलेली अंधारवासी झुरळे २०२० साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्धीस आणली. त्यांचे वय सुमारे नऊ कोटी नव्वद लक्ष वर्षे ठरले आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्या लाव्हारसाच्या लोंढ्यांनी झाला, ते लोंढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे आपली काळी जमीन ज्या दगडाची माती आहे, तो दगड जन्मास येण्यापूर्वीच झुरळाने भुईखालची वाट धरली होती.

डोळे कसे गेले

अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही म्हणून ते झिजून गेले, असे उत्तर सहज सुचते. स्वतः डार्विनने १८५९ साली गुहेतील आंधळ्या प्राण्यांच्या डोळ्यांचा लोप न वापरण्यामुळेच झाला असे मानले होते. पण आज हे मत टिकत नाही. पिढ्यान्पिढ्या मुलींचे कान टोचतात, तरी कोणतीही मुलगी टोचलेल्या कानांनी जन्मास येत नाही. एका जन्मातील झीज बीजात उतरत नाही. मग डोळे गेले कसे? ह्याचे उत्तर शेतकऱ्याच्या खळ्यातच आहे.

बियाण्यासाठी आपण ज्वारीची भरदार, टपोऱ्या दाण्यांची कणसे निवडून बाजूस ठेवितो. प्रत्येक पिढीत काही हलकी ताटे निघतातच. पण निवड कडक असल्यामुळे त्यांचे बी पुढे जात नाही. निवड सोडून दिली म्हणजे काय होते? दाणा एका वर्षात बिघडत नाही; पण हलके बी वगळणारा कोणी नसल्यामुळे वर्षानुवर्षे ते साचत जाते, आणि एक दिवस वाणाची ओळख राहत नाही. डोळ्यांचेही असेच आहे. उजेडात अधू डोळ्यांचे झुरळ पक्ष्याच्या वा पालीच्या तोंडी जाते; निसर्ग ते बी वगळतो. गुहेत डोळस व आंधळे दोघेही सारखेच जगतात. वगळणारा हात थांबला, की डोळ्यांतील दोष पिढ्यान्पिढ्या साचत जातात.

ह्यास दुसरे एक कारण मिळते. डोळा व त्यामागची मज्जा चालविण्यास अन्न खर्च होते. कडब्याची टंचाई असता काम नसलेला बैल कोणी दावणीस ठेवीत नाही. गुहेत अन्न नेहमीच टंचाईचे असते. तेथे डोळ्यांवरील खर्च वाचवून जन्मास आलेल्या जीवास तेवढीच सोय अधिक. अंगाच्या रंगाचेही असेच. रंग ऊन सोसण्यास व शत्रूपासून लपण्यास हवा. अंधारात ऊनही नाही व पाहणाराही नाही.

हा बदल एका उडीत झालेला नाही, याचा पुरावाही मिळाला आहे. ऑस्ट्रेलियातील चिलागो भागात जवळजवळ असलेल्या अनेक गुहांत एकाच जातीचे नॉक्टिकोला झुरळ राहते. कोठे त्याचे डोळे बऱ्यापैकी शिल्लक आहेत, कोठे ते लहान झाले आहेत. जणू एकाच वाणाची निरनिराळ्या गावांत निवड सोडल्यापासूनची निरनिराळी वर्षे आपण पाहत आहो.

जे गेले त्याऐवजी काय मिळाले

गुहेत डोळे जाणे ही निव्वळ हानी नव्हे. जेथे पाहता येत नाही तेथे चाचपता आले पाहिजे. म्हणून पाय व मिशा लांब होतात. मिशीने वास, ओल व स्पर्श तिन्ही कळतात. झुरळाच्या शेपटीकडे दोन काटे असतात. त्यांवरील केसांना हवेची अगदी हलकी झुळूकही जाणवते. घरातील झुरळास चापट मारावयास जाता ते आधीच पळते, ते बहुशः ह्या केसांच्या जोरावर. पंखांचा उपयोग नाही म्हणून ते लहान होतात, कित्येक जातींच्या माद्यांत तर उरतच नाहीत. अंगावरील कवच पातळ होते. कारण गुहेतील हवा ओलाव्याने भरलेली असते, व ओल राखण्यास जाड कवचाची गरज राहत नाही. पण ह्याच कारणास्तव मिरासदार झुरळ बाहेरच्या कोरड्या हवेत लवकर सुकून मरते. जी सोय एका जागी लाभाची, ती दुसऱ्या जागी प्राणघातक, हा नियम शेतीतही पदोपदी दिसतो.

अन्नाची सोय बाहेरूनच होते. गुहेत हिरवे पान नाही. पुराबरोबर आलेला पालापाचोळा, छतातून लोंबणारी झाडांची मुळे आणि वटवाघळांची विष्ठा हीच तेथील सुगी. हिच्यावर बुरशी वाढते, तिच्यावर झुरळे, व झुरळांवर कोळी व गोमा जगतात. म्हणून ज्या गुहेतून वटवाघळे धूर करून हाकलून दिली जातात, तिच्यातील बाकीचा संसारही काही काळाने उपाशी मरतो. ही विष्ठा नत्रयुक्त उत्तम खत आहे हे खरे. पण ती कोरडी उकरताना उडणाऱ्या धुळीत फुफ्फुसास पोखरणारी बुरशी असू शकते. महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० साली पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेस निपा रोगाच्या संसर्गाच्या खुणाही आढळल्या. यास्तव जुनी देवळे, किल्ले वा लेणी येथील वटवाघळांस छेडू नये, व त्यांचे खत गोळा करण्याच्या नादीही लागू नये. रात्री पिकावरील किडे टिपणाऱ्या वटवाघळांचे ऋण त्याहून मोठे आहे.

हवेचा प्रश्न

आता आम्ही सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात बेलिस नावाची गुहा आहे. ती चुनखडीची नसून, थिजलेल्या लाव्हाच्या प्रवाहात राहिलेली नळी आहे. तिच्या आतल्या टोकास हवा हलत नाही, व मुळांच्या आणि कुजणाऱ्या पदार्थांच्या योगाने तेथे कर्बाम्ल वायू, ज्यास हल्ली कार्बन डायऑक्साइड म्हणतात, साचून राहतो. मोकळ्या हवेत हा वायू दहा हजार भागांत चार भाग असतो. त्या गुहेत तो शंभरात सहा भागांपर्यंत आढळला. इतक्या वायूत माणसाचा जीव घाबरा होतो, डोके ठणकते. आणि आश्चर्य असे की, अंधाराचे सुमारे चोवीस जातींचे मिरासदार किडे त्याच कोंदट भागात सुखाने नांदताना आढळले.

हे त्यांस कसे साधते? झुरळास फुफ्फुस नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस बारीक छिद्रे असतात व त्यांतून नळ्यांचे जाळे थेट सर्व अवयवांपर्यंत हवा नेते. ही छिद्रे झुरळ मिटूनही घेऊ शकते. त्याच्या शरीरास प्राणवायू लागतो तोही थोडा. घरातील झुरळ पाण्यात अर्धा तास बुडून राहिले तरी पुष्कळदा जिवंत निघते, ते ह्याच कारणाने.

आता हे आपल्या गावी लावून पाहू. आमच्या मराठवाड्यात ज्वारी पेवात साठविण्याची चाल होती. पेवाचे तोंड मातीने लिंपले की आतील धान्य व त्यातील किडे श्वासोच्छ्वास करून प्राणवायू संपवितात व कर्बाम्ल वायू सोडतात. थोड्याच काळात किडे आपल्याच श्वासाने गुदमरून मरतात, व धान्य टिकते. पेवाचे सारे गुपित एवढेच. पण जो वायू धान्य राखतो तोच पेव उघडताच आत उडी घेणाऱ्या माणसास मारतो. शंभरात दहा भाग वायू झाला तर मिनिटांत शुद्ध हरपते. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो. म्हणून पेव उघडून ते बराच वेळ मोकळे ठेवावे व नंतरच उतरावे, ही आपल्या वडिलांची रीत शास्त्रशुद्ध होती.

पेवे आता बहुतेक बुजली. परंतु धोका बुजला नाही. उन्हाळ्यात गाळ काढण्यासाठी उतरावयाची जुनी विहीर, शेणाच्या वायूची टाकी, संडासाची टाकी ह्या सर्व ठिकाणी तोच प्रसंग येतो. एक माणूस खाली उतरून पडतो, त्यास काढावयास भाऊ उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. एका घरातील दोन-तीन कर्ती माणसे अशा रीतीने एका तासात जातात. यास्तव पुढील गोष्टी वाचकांनी मनावर कोरून ठेवाव्यात.

बंद अथवा दीर्घकाळ न वापरलेल्या विहिरीत एकदम उतरू नये. पंप अथवा पंखा लावून, तेही नसल्यास पानाचा मोठा ढाळा दोरास बांधून पुष्कळ वेळ खालीवर करून हवा हलवावी. विहिरीत कंदील सोडून पाहावा. तो मंदावला वा विझला तर उतरण्याचे नावही काढू नये. पण कंदील जळत राहिला म्हणजे सर्व ठीक, असेही समजू नये. कारण दिवा विझण्याइतका प्राणवायू कमी होण्यापूर्वीच विषारी वायू माणसास पाडू शकतो. शेणाच्या वायूच्या व संडासाच्या टाकीत तर दिवा मुळीच नेऊ नये; तेथील वायू पेट घेतो, आणि माणसानेही त्यात उतरू नये. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेस व काखेत दोर बांधून वर दोन धडधाकट माणसे उभी करावीत. खालचा माणूस पडला तर दोराने ओढून घ्यावा. त्याच्यामागे कोणी उतरू नये. आणि विहिरीच्या तळाशी झुरळे, गोमा वा बेडूक हालताना दिसले म्हणून हवा चांगली आहे असा समज करून घेऊ नये. त्यांची साक्ष तेथे चालत नाही. ते ज्या हवेत चालतात, त्याच हवेत माणूस पडतो.

आपल्या बांधावरील मिरासदार

गुहेतील झुरळाचा सख्खा नातलग प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेला आहे. तो म्हणजे वाळवी. पूर्वी वाळवीस मुंगीची बहीण मानीत व पांढरी मुंगी म्हणत. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून वाळवी ही झुरळांच्याच गोत्रातील एक शाखा आहे हे निश्चित झाले. फिकट अंग, पातळ कातडी, ओलाव्याची गरज व आंधळेपणा ही सर्व लक्षणे कामकरी वाळवीत गुहेतील झुरळासारखीच आहेत. ती लाकडावर मातीची नळी बांधून चालते ती ह्यासाठी की, नळीत अंधार व ओल टिकावी. नळी फोडली तर ती लगबगीने दुरुस्त करिते, कारण कोरडी हवा तिचा काळ आहे.

आणि येथे एक मौजेची गोष्ट दिसते. पहिल्या मृगसरींनंतर वारुळातून पंखवाल्या वाळव्यांचे थवे निघतात. त्यांस डोळे असतात, रंगही गडद असतो. कामकरी व पंखवाली एकाच राणीची लेकरे. पण जिला आयुष्यात एकदा उजेडात जावयाचे तिला डोळे मिळतात, जिला कधीच जावयाचे नाही तिला मिळत नाहीत. निसर्ग किती काटकसरीने खर्च करितो, हे ह्याहून स्पष्ट कोठे दिसणार!

वारुळातही कोंदट हवेचा प्रश्न आहेच. आपल्याकडील बुरुजासारख्या उंच वारुळांची परीक्षा बंगळूर येथे करून २०१५ साली असे दाखविण्यात आले की, दिवसा वारुळाच्या बाहेरील पातळ भिंती तापून त्यांतील हवा वर चढते व मधली खाली येते, आणि रात्री ह्याच्या उलट होते. दिवस-रात्रीच्या उष्णतेच्या फरकावर हे भातेच चालते व आतला दूषित वायू बाहेर पडतो. मुक्या किड्याने वारुळासाठी केलेली ही सोय आपण विहिरीसाठी करीत नाही, हे लाजिरवाणे आहे.

शेतकऱ्याने ह्यावरून घ्यावयाचे ते असे. न कुजलेले शेणखत शेतात घातले की वाळवीस आयता खाऊ मिळतो. म्हणून खत पुरते कुजवूनच घालावे. उकिरड्यात बिळे करून राहणारे झुरळ, ज्यास सुरिनामी झुरळ म्हणतात परंतु ज्याचे मूळ घर हिंदुस्थान व मलायाकडेच आहे, ते कोंबडीने खाल्ले असता तिच्या डोळ्यात कृमी होण्याचा संभव असतो. म्हणून उकिरडा खुराड्यापासून दूर असावा. आणि बियाण्याची निवड कोणत्याही वर्षी सोडू नये. ज्या गुणाची निवड थांबते तो गुण टिकत नाही, ही साक्ष गुहेतील आंधळ्या झुरळाने कोट्यवधी वर्षांची दिलेली आहे.

विहिरींचा गाळ काढण्याचे दिवस दरवर्षी चैत्र-वैशाखात येतात. त्या कामास माणसे लावण्यापूर्वी हवेसंबंधीचा भाग घरातील तरुणांस व सालदारांस वाचून दाखवावा, एवढी आमची सर्व वाचकांस आग्रहाची विनंती आहे.